एनके पेशी नॉर्मल, तरी मुलगी उठत का नाही?

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका आईने विचारलं आहे. मुलगी २३ वर्षांची. २०२३ च्या पावसाळ्यात डेंग्यू झाला, प्लेटलेट सावरले, ताप गेला, पण मुलगी काही पहिल्यासारखी झाली नाही. एमएस युनिव्हर्सिटीतलं एम.एस्सी. अर्धवट सुटलं. फिजिशियन म्हणाले, 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम (सीएफएस) असावा.' मग एका लॅबच्या सांगण्यावरून घरच्यांनी अठरा हजारांचं 'इम्युनिटी प्रोफाइल' करून घेतलं. त्यात एनके पेशींची (व्हायरसशी लढणाऱ्या पेशी) संख्या नॉर्मल, आयएल-६ (सूज असली की वाढणारं प्रथिन) नॉर्मल, ईबीव्ही (एपस्टाइन-बार व्हायरस) विरुद्धची आयजीजी अँटीबॉडी पॉझिटिव्ह, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी) १:८० ला हलका पॉझिटिव्ह. आता वडील म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत, ऊठ आणि चालायला लाग. मावशी म्हणते, ईबीव्ही निघालाय, म्हणजे व्हायरस अजून अंगात आहे. लॅब म्हणते, मुंबईला पाठवून सायटोकाइनचं, म्हणजे पेशींच्या रासायनिक निरोपांचं, मोठं पॅनल करा. आईचे प्रश्न दोन: या तपासण्यांवरून हा आजार आहे की नाही ते कळतं का, आणि मोठं पॅनल करावं का?

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्यात तुमचे पैसे अडकणार आहेत. करू नका. आणि पहिल्याचं उत्तर: नाही कळत. रिपोर्ट नॉर्मल आल्याने मुलगी बरी ठरत नाही, आणि उद्या एखादा आकडा वरखाली आला तरी त्यावरून तिचा आजार सिद्ध होणार नाही. एकतीस वर्षं मी बडोद्यात पॅथॉलॉजी करते आहे, रक्त तपासण्यावरच माझं घर चालतं, तरी हे सांगते आहे. का, ते नीट समजावून सांगायचं तर थोडं लांबेल.

या आजाराचा आणि रोगप्रतिकारशक्तीचा संबंध आहे, ही गोष्ट आधी मनात पक्की करा. म्हणजे वडिलांशी बोलताना तुम्हाला आधार राहील. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावी तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांवर पहिल्या तापापासून लक्ष ठेवण्यात आलं: ईबीव्ही, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर व्हायरस. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतरही सुमारे १२ टक्के लोक रोजचं जगणं अडवणाऱ्या थकव्यातून बाहेर आले नव्हते. जंतू कोणता होता याने फारसा फरक पडला नाही, आणि माणसाचा मूळ स्वभाव कसा होता यानेही नाही. फरक पडला तो पहिलं दुखणं किती जोराचं होतं याने. तुमच्या मुलीला डेंग्यूत किती दिवस सलाइन लागलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांना ते जरूर सांगा.

आता एनके पेशी. पूर्ण नाव नॅचरल किलर. रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के या असतात. व्हायरसने पछाडलेली पेशी दिसली की तिला भोक पाडून आत मारक प्रथिनं सोडायची, हे त्यांचं काम. १९८७ सालापासून निरनिराळ्या प्रयोगशाळांनी असं नोंदवलं की क्रॉनिक फटीगच्या रुग्णांमध्ये या पेशींची मारक ताकद कमी दिसते. गेल्या चार दशकांत या आजारात सर्वांत जास्त वेळा पुन्हा पुन्हा सापडलेली रोगप्रतिकारशक्तीची खूण हीच, म्हणून पॅनल विकणारे सगळे तिच्यापासून सुरुवात करतात.

पण तुमच्या रिपोर्टवर काय छापलं आहे ते परत बघा. 'संख्या'. मशीनने पेशी मोजल्या आणि आकडा दिला. त्या पेशी काम करतात की नाही, हे त्यात नाही. शाळेच्या पटावर चाळीस मुलं आहेत एवढं कळलं, अभ्यास किती जणांनी केला ते नाही. संशोधनात जी कमी आढळली ती बहुतेक वेळा कामात, संख्येत नव्हे. काम मोजायची पद्धत सोपी नाही. के-५६२ नावाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांच्यात किरणोत्सारी क्रोमियम भरतात, रुग्णाच्या जिवंत एनके पेशी त्यांच्यासोबत साधारण चार तास ठेवतात आणि किती क्रोमियम बाहेर सांडलं ते मोजतात. जेवढं सांडलं तेवढ्या पेशी मेल्या. यात 'जिवंत' हा शब्द महत्त्वाचा. रक्त काढल्यापासून तास जसे उलटतात तशी या पेशींची ताकद उतरत जाते. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ ला असतो. सकाळी काढलेली नळी थर्माकोलच्या खोक्यात, कुरिअरच्या टेम्पोत, मग रात्रीच्या गाडीने मुंबईला, आणि तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी उघडणार. या नमुन्याला उन्हाचा ताप चालत नाही आणि बर्फही मानवत नाही. त्यातून ताकद कमी आली, तर ती मुलीच्या पेशींची की प्रवासाची, हे मी छातीठोक सांगू शकणार नाही, आणि तो रिपोर्ट देणाराही सांगू शकणार नाही.

शिवाय सगळ्यांना ही कमी सापडलेलीच आहे असंही नाही. २०१७ साली स्वीडनमधल्या एका गटाने रुग्णांच्या आणि निरोग्यांच्या एनके पेशी अतिशय काळजीपूर्वक ताडून पाहिल्या, त्यांना कामात फरक दिसला नाही. त्याचा अर्थ आधीचे सगळे चुकले असा घेऊ नका. या नावाखाली एकत्र केलेले रुग्ण सगळे एकाच प्रकारचे नाहीत, आणि तपासणीची पद्धत बदलली की उत्तर बदलतं, एवढं मात्र त्यातून स्पष्ट दिसतं.

सायटोकाइनची गोष्ट जास्त खोलात सांगते, कारण तुमच्यापुढे बिल त्याचंच येणार आहे. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. ताप आला की अंग मोडून येतं, खावंसं वाटत नाही, कुणाशी बोलू नये असं वाटतं, ते या निरोपांमुळे. हे निरोप थांबतच नसतील तर माणूस कायम फ्लूच्या दुसऱ्या दिवसात अडकल्यासारखा राहील, हा तर्क फार जुना आणि पटण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२ रुग्ण आणि ३९२ निरोगी माणसं घेऊन ५१ सायटोकाइन मोजले गेले. २०१७ साली ते काम छापून आलं. सरसकट पाहिलं तर दोन गटांत फरक निघाला तो फक्त दोघांत: टीजीएफ-बीटा रुग्णांमध्ये जास्त, रेझिस्टिन कमी. पण आजार किती तीव्र आहे त्याप्रमाणे रुग्णांची विभागणी केली तेव्हा १७ सायटोकाइन तीव्रतेसोबत चढताना दिसले. यात गंमत अशी की काहींच्या बाबतीत सौम्य आजार असलेल्यांची पातळी निरोग्यांपेक्षाही खाली होती आणि तीव्र आजारवाल्यांची वर. सगळ्यांना एका टोपलीत घातलं की वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सरासरी 'नॉर्मल' येते.

त्याआधी २०१५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने वेगळीच फट दाखवली होती. आजाराला तीन वर्षं व्हायच्या आतले रुग्ण आणि तीन वर्षांच्या पलीकडले रुग्ण यांचे सायटोकाइन एकमेकांशी जुळत नव्हते; सुरुवातीच्या काळात बरेचसे चढलेले, नंतर उतरलेले. म्हणजे तुमच्या मुलीचं रक्त या वर्षी तपासलं काय आणि दोन वर्षांनी तपासलं काय, आजार तोच राहून आकडे वेगळे येऊ शकतात.

आणि एक गोष्ट आमच्या धंद्यातली. टीजीएफ-बीटा हा प्लेटलेटच्या पोटात भरून ठेवलेला असतो. रक्त नळीत गोठलं की प्लेटलेट फुटतात आणि तो बाहेर ओतला जातो. नळी किती वेळ स्टँडवर उभी राहिली, सेंट्रिफ्यूजचा वेग किती ठेवला, वरचा प्लाझ्मा उपसताना टोक खालच्या थराला लागलं का, या सगळ्याने आकडा हलतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१८ साली क्रॉनिक फटीगच्या बाबतीत हाच धोका दाखवून दिला. माझ्या लॅबमध्ये नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना एकाच माणसाचं रक्त दोन नळ्यांत घ्यायला लावते. एक लगेच फिरवायची, दुसरी चहा पिऊन आल्यावर. मग दोन्हींतलं पोटॅशियम शेजारी शेजारी लिहायचं. पोटॅशियमसारख्या साध्या तपासणीत हा फरक पडतो, तर मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये मोजायच्या सायटोकाइनचं काय होत असेल, ते त्यांना मग सांगावं लागत नाही.

तरी एखादी म्हणेल, एवढे मोठे अभ्यास फरक दाखवतात ना? दाखवतात. पण गटातला फरक आणि एका माणसाचं निदान यांत मोठी दरी आहे. खंडेराव मार्केटमध्ये केसरची एक पेटी आणि हापूसची एक पेटी वजन करून बघा. समजा केसरच्या फळाची सरासरी थोडी जास्त भरली. खरा फरक आहे, हजार पेट्या तोलल्या तरी टिकेल. आता डोळे मिटून माझ्या हातात एक फळ ठेवा आणि नुसत्या वजनावरून केसर की हापूस ते सांगा म्हणा. नाही सांगता येणार, कारण दोन्ही पेट्यांत लहान फळंही आहेत आणि मोठीही. आजवर या आजारात सापडलेली रोगप्रतिकारशक्तीची प्रत्येक खूण अशी आहे. पेट्यांचा फरक सांगते, फळाचं नाव सांगत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली हजारो शोधनिबंध चाळून निदानाचे नवे निकष ठरवले, त्यांत रक्ताची एकही तपासणी सक्तीची नाही, ती याच कारणाने.

मावशींच्या ईबीव्हीबद्दल. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात ईबीव्हीची आयजीजी सापडते. माझ्याही सापडेल, मावशींच्याही. लहानपणी कधीतरी त्याचा संसर्ग होऊन गेला, एवढाच त्याचा अर्थ. १:८० चा एएनए तर निरोगी माणसांमध्येही दर शंभरात दहा-पंधरा जणांना निघतो. सांधे सुजलेत, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे येतात, केस मूठभर गळतात, तोंडात फोड येतात, असं काही असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. नसेल तर त्या कागदाकडे बघून रात्री जागवू नका.

बी पेशी आणि त्या बनवतात त्या अँटीबॉडी यांची कहाणी मात्र मला सांगावीशी वाटते, कारण तिच्यात आशा आणि धोका दोन्ही आहेत. नॉर्वेतल्या बर्गनच्या दोन कर्करोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की लिम्फोमा या कर्करोगासाठी उपचार घेणाऱ्या एका रुग्णाचा जुना क्रॉनिक फटीगही हलका झाला. त्यांनी बी पेशी नष्ट करणारं रिटुक्सिमॅब औषध घेऊन ३० रुग्णांवर चाचणी केली. २०११ साली निकाल आला: औषध मिळालेल्या १५ पैकी १० जणांना बरं वाटलं, नुसतं सलाइन मिळालेल्या १५ पैकी २ जणांना. जगभरचे रुग्ण नॉर्वेकडे डोळे लावून बसले. मग त्याच डॉक्टरांनी १५१ रुग्ण घेऊन मोठी चाचणी केली, दोन वर्षं चालवली. २०१९ चा निकाल: औषधाने २६ टक्के, सलाइनने ३५ टक्के. औषध हरलं. त्यांनी तो निकाल लपवला नाही, जसाच्या तसा छापला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. पण कुणी तुम्हाला या आजारासाठी रिटुक्सिमॅबचे डोस सुचवले, तर हे आकडे त्यांच्यासमोर ठेवा.

त्याहून कडू उदाहरण २००९ चं. एक्सएमआरव्ही नावाचा व्हायरस क्रॉनिक फटीगच्या १०१ पैकी ६८ रुग्णांत सापडल्याचं 'सायन्स'मध्ये छापून आलं. काही महिन्यांत अमेरिकेत त्याची तपासणी पैसे घेऊन विकली जाऊ लागली, आणि लोकांनी रिपोर्ट बघून एचआयव्हीची औषधंही सुरू केली. पुढे कळलं की तो व्हायरस प्रयोगशाळेतूनच नमुन्यांत शिरला होता. २०११ च्या डिसेंबरात तो शोधनिबंध मागे घेतला गेला. लोकांचे पैसे कुणी परत केल्याचं मी ऐकलेलं नाही. पॅनल करू नका म्हणताना माझ्या मनात हे असतं.

अलीकडचं काम जास्त भरवशाचं होत चाललं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संसर्गानंतर आजारी पडलेल्या १७ जणांना ठेवून घेऊन डोक्यापासून पायापर्यंत तपासलं; फेब्रुवारी २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात नव्या, अननुभवी बी पेशी जास्त आणि अनुभवी स्मृतिपेशी कमी दिसल्या. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात टी पेशींवर (संसर्गाशी लढणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पेशी) पीडी-१ ही दमल्याची खूण जास्त होती. एखाद्या शत्रूशी खूप काळ लढत राहिल्यावर टी पेशी थकतात तेव्हा ही खूण अंगावर येते. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेलच्या प्रयोगशाळेने २०२० सालीच दाखवलं होतं की या रुग्णांच्या टी पेशी साखर जाळून ऊर्जा काढण्यात कमी पडतात. दोन्ही धागे एकाच दिशेला जाताना मला दिसतात. पण १७ माणसं म्हणजे १७च. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनच्या डीकोडएमई या अभ्यासाने १५,५७९ रुग्णांचे जनुक तपासून आठ ठिकाणी निरोग्यांपेक्षा फरक असल्याचं जाहीर केलं. त्यांतले काही भाग रोगप्रतिकारशक्तीशी आणि काही मज्जासंस्थेशी संबंधित आहेत. 'हे सगळं मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांना दाखवायला एवढा एक कागद मला पुरेसा वाटतो. अर्थात त्यावरून उद्या कुणी 'सीएफएस जीन टेस्ट' विकायला आलं, तर आंब्याची पेटी आठवा.

आता वडिलांचं म्हणणं. ते वाईट नाहीत ताई, घाबरलेले आहेत, आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं दिसलं की त्यांना धीर येतो. मीही त्याच जागी उभी राहून चूक केली आहे. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर एक काका यायचे, बँकेत कॅशियर. सांधे आठ महिन्यांनी सुटले, पण थकवा जाईना. मी त्यांना रिपोर्ट हातात देताना मोठ्याने म्हटलं, काका, सगळं फर्स्टक्लास आहे, काही झालेलं नाही तुम्हाला. त्यांनी कागदाची चार घड्यांची पुडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, खाली उतरले आणि स्कूटरला हात न लावता दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. वीस मिनिटं तरी. मी वरच्या खिडकीतून पाहिलं, आणि पुढचा रिपोर्ट सही करायला वळले. 'काही झालेलं नाही' हे माझ्या कागदात कुठेच नव्हतं. कागदात एवढंच होतं की मी ज्या बारा गोष्टी शोधल्या त्या सापडल्या नाहीत. तेव्हापासून मी रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून सही करते, पण तोंडाने तो शब्द उच्चारत नाही.

निदान कशावर होतं, तर ज्या गोष्टी तुम्ही पत्रात मधेच एका ओळीत लिहून पुढे गेलात, तिथे. तुम्ही लिहिलंय की नवरात्रात आठव्या दिवशी मैत्रिणींनी आग्रह केला, ती सोसायटीच्या गरब्यात अर्धा तास खेळली, त्या रात्री छान हसतबोलत होती, आणि दशमीनंतर पाच दिवस तिला केस विंचरायला हात वर करता येईना, खिडकीचा पडदाही उघडा सहन होईना. सगळ्या पॅनलपेक्षा हे वाक्य मोठं आहे. श्रमानंतर लगेच नव्हे, तर बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी, सगळी लक्षणं एकदम चिघळायची आणि दिवसेंदिवस उतरायची नाहीत, हे या आजाराचं मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता पहिल्यापेक्षा बरीच कमी होणं, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, आणि पुढच्या दोहोंपैकी एक: वाचताना-बोलताना डोक्यात धुकं, किंवा उभं राहिलं की त्रास. २०१५ चे निकष एवढेच आहेत. ते अनुभवी डॉक्टरने अर्धा तास बसून विचारले की निदान होतं. उदास माणसाला सहसा गरब्याला जावंसंच वाटत नाही. तुमच्या मुलीला जावंसं वाटतं आणि शरीर त्याची किंमत वसूल करतं. दोन्ही एकत्रही असू शकतं, दोन वर्षं खोलीत पडून राहिल्यावर कुणालाही उदास वाटेल, तेव्हा मनाच्या डॉक्टरांना दाखवायला लाजू नका, पण त्यावरून आजाराचं नाव बदलू देऊ नका.

अठरा हजारांपेक्षा खूप कमी खर्चात खरोखर उपयोगी तपासण्या होतात, कारण याच्यासारख्या दिसणाऱ्या आणि औषधाने बऱ्या होणाऱ्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, टीएसएच, साखर, यकृत आणि मूत्रपिंड, कॅल्शियम, सीके, लघवी. फेरिटिन जरूर करा, हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असलेल्या मुली मी रोज बघते. शाकाहारी घर असेल तर बी-१२ आणि त्यासोबत व्हिटॅमिन डी. पोळी खाल्ल्यावर पोट फुगत असेल किंवा लोह वाढतच नसेल तर गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या सिलिअॅक आजारासाठी अँटी-टीटीजी आणि एकूण आयजीए, आणि ही तपासणी गहू बंद करण्याआधी करायची, नंतर नाही. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, मानेला गाठी, रात्री घाम असं काहीही असेल तर टीबी वगळल्याशिवाय पुढे जायचं नाही. सारखे सारखे सायनस आणि छातीचे जंतुसंसर्ग होत असतील तर इम्युनोग्लोब्युलिनची पातळी बघावी. रोगप्रतिकारशक्तीची तपासणी म्हणून मी हीच एक आनंदाने सुचवीन, कारण ती कमी आली तर काय करायचं ते माहीत आहे.

आणि एक तपासणी फुकट आहे, घरात होते. डॉक्टरांना विचारून, सकाळी, उन्हं चढायच्या आत करा. मुलीला दहा मिनिटं शांत आडवं झोपवा, नाडी आणि बीपी लिहा. मग भिंतीला खांदे टेकवून उभं करा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, आणि दहा मिनिटं हलू देऊ नका. दर मिनिटाला नाडी लिहा. एक जण हात पुढे करून जवळ उभा पाहिजे, चक्कर आली तर लगेच झोपवा, मिनिटं पुरी करण्याचा हट्ट नको. आडवं असतानाच्या नाडीपेक्षा मिनिटाला तीसहून जास्त ठोके चढले आणि चढलेलेच राहिले, तर पॉट्स (उभं राहिलं की नाडी धावण्याचा आजार) असण्याची शक्यता आहे, त्यावर उपाय आहेत. उभं राहायचं दुखणं रक्ताच्या कुठल्याच नळीत दिसत नाही, पण वडिलांना त्या वहीतले आकडे चढताना दिसतील. आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे ना, तर हे आकडे द्या.

'उठून चालायला लाग' हे मात्र थांबवा. दर आठवड्याला थोडं थोडं व्यायाम वाढवत न्यायची पद्धत अनेक वर्षं सांगितली जात होती. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ती या आजाराच्या मार्गदर्शनातून काढून टाकली. मुलीला रोज किती झेपतं ते वहीत लिहायला सांगा: आंघोळ, जिना, फोनवर बोलणं, वाचन, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय झालं. महिनाभरात तिची मर्यादा कुठे आहे ते दिसेल. त्या मर्यादेच्या आत राहायचं, बरं वाटलं त्या दिवशीही. हा भाग सगळ्यांत अवघड असतो, कारण बरं वाटलेल्या दिवशीच घरात पाहुणे येतात आणि 'आज तर छान दिसतेस' म्हणतात.

लॅबवाल्याला काय सांगायचं, तेही सांगते. सांगा, रिपोर्ट पाहून डॉक्टर नेमका कोणता उपचार बदलणार आहेत ते लिहून द्या, मग पॅनल करू. सगळेच गप्प बसतील असं नाही, पण बहुतेक बसतील.

आणि साध्या तपासण्यांसाठीही तिला घेऊन लॅबमध्ये येऊ नका. रावपुऱ्यातलं पार्किंग, जिना, पंख्याखाली नंबर लावून बसलेले वीस जण, ट्यूबलाइट. एवढ्यातच तिचे तीन दिवस जातील. घरी येऊन रक्त घेणारी मुलं प्रत्येक लॅबकडे असतात. उपाशीपोटी साखर तपासायची नसेल तर सकाळी सातचा हट्ट धरू नका, तिची झोप पुरी झाल्यावर दहा-साडेदहाला बोलवा. तिला आडवं झोपूनच रक्त देऊ द्या, पडदा ओढलेला असू द्या, आणि नळी कुठे, किती वाजेपर्यंत पोहोचणार ते त्या मुलाला विचारून घ्या.